शेंडा कोणी नेला

मी, शेवटी सही करणार आहे ती बाई, वय वर्षे एकाहत्तर, चाळीस वर्षे लोकांच्या कवळ्या करून पोट भरलेली, आज सकाळी पोटभर खाऊन, चष्मा पुसून, मागच्या खोलीत झाडांच्या मधोमध बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. कोणी लाडीगोडी लावलेली नाही, लावायला घरात माणूसही नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात माझ्या धाकट्या बहिणीला काहीही ठेवले नसते, आणि तो मोठा अन्याय झाला असता. तिच्याशी मी अकरा वर्षे बोललेले नाही. तिची माफी मागायची आहे आणि समोर जायचे धाडस नाही, म्हणून हा कागद. बाकीची कलमे वाटेत लागतात म्हणून लिहिते.

वकीलबाईंनी बजावले होते, "मावशी, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. का द्यायचं ते लिहू नका. 'का' लिहिलं की भांडणं होतात." मी म्हटले, भांडणे होऊन गेली आहेत, आता कारणे लिहायला हरकत नाही.

कलम पहिले. माझ्या देहाचे जे करायचे ते साधेपणाने आणि लवकर करावे. मागच्या खोलीत सकाळी दहाला आणि दुपारी चारला पाणी आपोआप सुटते. मला पोचवून येणाऱ्यांनी चारच्या आत परतावे आणि नळ नीट सुटला का ते पाहावे. एक तोटी अडकते, तिला चापट मारावी लागते.

ही खोली आमच्या यांनी बांधली. ते नळकाम करीत. छताखालून त्यांनी तांब्याची नळी फिरवली आणि तिला सुईच्या टोकाएवढी भोके पाडली. पाणी सुटले की खोलीत धुके उतरते. दहा मिनिटे पलीकडची भिंत दिसत नाही, नुसती पाने हलताना दिसतात, तीही हळूहळू, आपण पाण्याखाली बसलो आहोत असे वाटते. हे त्या धुक्यात छत्री उघडून पेपर वाचत बसायचे. चौदा वर्षे झाली त्यांना जाऊन, तरी धुके उतरले की मी खुर्ची थोडी बाजूला सरकवते. त्यांची छत्री मोठी होती.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, चिमटे, पॉलिशचे यंत्र आणि गॅसची शेगडी, दातांच्या दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावीत. त्यांचे काम मी पाहिले आहे. वरचे दात चांगले बसवतात, खालच्यांत घाई करतात. सर्वांत बारीक ब्रश मात्र त्यांना देऊ नये, तो झाडांचा आहे. माझ्याकडच्या काही वेलींचे फूल पहिल्या संध्याकाळी पराग घ्यायला तयार असते आणि दुसऱ्या संध्याकाळी द्यायला. एकाच फुलात या दोन वेळांची गाठ पडत नाही. म्हणून एका फुलाचे पराग ब्रशने झाडून पुडीत घालायचे, पुडी फ्रिजमध्ये ठेवायची, आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसरे फूल उमलेल त्या संध्याकाळी तिथे बसून राहायचे. तेव्हा फुलाला बोट लावले तर ते कोमट लागते. पहिल्यांदा लागले तेव्हा मी बोट मागे घेतले होते.

कलम तिसरे. फडताळात लोकांच्या दातांचे प्लास्टरचे साचे आहेत. प्रत्येकावर पत्ता आहे. ज्याचे त्याला पोचवावेत. काही माणसे गेली आहेत, त्यांचे साचे त्यांच्या मुलांना द्यावेत. नको म्हणाले तर कुंड्यांच्या तळाशी घालावेत, पाण्याचा निचरा चांगला होतो.

कलम चौथे. माझ्या दिरांना बैठकीतले प्लॅस्टिकचे झाड द्यावे. ते दर रविवारी येत आणि उरलेला चहा हाताशी येईल त्या कुंडीत ओतत. चहाने झाडांना ताकद येते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. तीन चमचे साखरेचा चहा. मुंग्या लागल्या, मुळे कुजली, मखमली पानांचे एक झाड दगावले, आणि हे मला विचारतात, "वहिनी, हे असं कसं झालं हो?" प्लॅस्टिकच्या झाडात त्यांनी खुशाल काय हवे ते ओतावे. त्यांच्यावर माझा राग नाही, नाही म्हणायला थोडा आहे.

कलम पाचवे. बँकेत जे आहे त्यातून आधी छप्पर दुरुस्त करावे. मागच्या खोलीतली झाडे, खाली सांगितलेली एक वेल सोडून, आमच्या रविवारच्या मंडळींनी वाटून घ्यावीत. ही मंडळी म्हणजे दर रविवारी झाडांची देवाणघेवाण करायला जमणारे माझ्यासारखेच वेडे, घरातल्या माणसांना जागा नसली तरी झाडांना काढून देणारे. त्यांना नियम ठाऊक आहेत: मूळ झाड उपटायचे नाही, फक्त पेर न्यायचे, म्हणजे एक डोळा असलेला वेलीचा तुकडा, आणि नेताना आभार मानायचे नाहीत. आभार मानले की झाड रुजत नाही म्हणतात. त्यांतल्या टोपीवाल्यांना शेवटी बोलवावे. ते "एकच पेर" म्हणतात आणि पिशवी दोन हातांनी उचलून नेतात. जाताना सर्वांनी पानांच्या मागची बाजू बघावी, पिठ्या ढेकूण तिथे लपतो.

कलम सहावे, वेलीबद्दल. हे लांबेल.

मोठ्या बागेत पूर्वी काचघर होते. ते पाडायचे ठरले, तेव्हा तिथल्या माळ्याने मला एक वेल आणून दिली, मी त्याला करून दिलेल्या कवळीबद्दल. ती कवळी घालून तो पहिल्यांदाच मोकळे हसला होता. पुढे काचघर पडले, आतले सगळे गेले, आणि तसली वेल मी पुन्हा कुठे पाहिली नाही. पाने दोन वितींची, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत फाटलेली, आणि हिरव्यावर पांढरे शिंतोडे, भिंतीला चुना देताना फरशीवर उडतात तसे. दोन पानांवर कधी सारखे उडाले नाहीत. तिला मी बाईसाहेब म्हणत असे. तिचे नवे पान सुरळीतून उलगडायला नऊ दिवस लागत. शनिवारी धाकटी आली की आम्ही दोघी तिच्याखाली चटई टाकून पडत असू आणि सुरळी किती सुटली ते बघत असू. बोलणे फारसे नसे. डोळा लागायचा, जाग यायची, पान थोडे आणखी उघडलेले असायचे. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस कोणते असे विचारले तर मी ते शनिवार सांगेन. यांना वाईट वाटेल, पण सांगेन.

धाकटी शेजारच्या गावी बसस्थानकावर उद्घोषणा करीत असे. आवाज घंटेसारखा, आणि जीभ माझ्याहून तिखट. एका शनिवारी पडल्या पडल्या ती म्हणाली, "ताई, चोरून आणलेली वेल जास्त फोफावते म्हणतात. एक दिवस हिचा शेंडा पळवते की नाही बघ." आम्ही दोघी हसलो.

पुढच्या पंधरवड्यात मला ताप आला, डोक्यात चढणारा. धाकटी रजा काढून तीन दिवस आली. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, झाडांचे नळ सांभाळले. त्या तापात मला एक स्वप्न पडले होते. मी बाईसाहेबांना कवळी बसवते आहे, त्यांच्या हिरड्यांना गुलाबी मेण लावते आहे, आणि त्या तोंड उघडून शहाण्यासारख्या बसल्या आहेत. जागी झाल्यावर ते मी धाकटीला सांगितले, ती पट्टी पिळत होती, आणि ती इतकी हसली की पट्टीचे पाणी माझ्या कानात गेले.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी भिंत धरून मागच्या खोलीत गेले. वेलीचा शेंडा नव्हता. तिरपा, स्वच्छ, पात्याने घेतलेला काप. मी फोन लावला.

"शेंडा परत आण," मी म्हटले.

"कसला शेंडा?"

"तुला चांगलं ठाऊक आहे."

"ताई, तुझा ताप उतरलेला नाही अजून. झोप बघू."

"मी कापला असता तर कापाला मेण लावलं असतं. मेण नाहीये. घरात तुझ्याशिवाय कोण होतं?"

पलीकडे बसचे हॉर्न ऐकू येत होते. ती म्हणाली, "तू मला चोर म्हणतेस?"

"चोराला चोरच म्हणतात."

माझे म्हणणे मला तेव्हा बिनतोड वाटले होते. कुठलाही काप घेतला की मी त्याला दातांच्या कामाचे गुलाबी मेण लावते, म्हणजे कुजत नाही. हे आमच्या मंडळींत सर्वांना ठाऊक आहे, माझी थट्टाही करतात. मेण न लावलेला काप माझा असणे शक्य नव्हते. त्या उघड्या कापातून वेल कुजत गेली आणि दोन महिन्यांत संपली. मी मंडळींना सांगितले, हे माझ्या बहिणीने केले. पुढच्या एका रविवारी मंडळी जमली असताना धाकटी तिथे मला भेटायला म्हणून आली. तिला पाहून दोघांनी आपापल्या कुंड्या जवळ ओढून घेतल्या. तिने ते पाहिले. मीही पाहिले आणि गप्प बसले. ती आल्या पावली परत गेली.

त्यानंतर कधी कधी मी दुपारची बस धरून तिच्या स्थानकावर जात असे. खांबामागच्या बाकावर बसून तिचा आवाज ऐकत असे. अमुक गावाची गाडी फलाट तीनवर लागत आहे. ऊन सरकत सरकत माझ्या पायांवर येई, माणसे चढत उतरत, कोणी विचारले तर मी गाडीची वाट बघते आहे असे सांगे. मग माझ्या गावाची गाडी ती पुकारी आणि मी उठत असे. राग गेला नव्हता. आवाज ऐकल्याशिवाय राहवतही नव्हते.

कलम सातवे. हे कलम माझ्या विरुद्ध आहे, तरी कोणी गाळू नये.

त्याच वर्षी मला माझ्या कामाच्या टेबलाखाली एक डबा सापडला. दातांचे ओले ठसे वाळू नयेत म्हणून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवीत असे, तसलाच. आत फडक्याऐवजी शेवाळ होते आणि शेवाळातून एक क्षुल्लक कोंब वर आला होता. नखाएवढी गोल पाने, काळपट, एकही चीर नाही, पांढरा ठिपका नाही. शेवाळाबरोबर आलेले तण म्हणून टाकणार होते. जीव आहे, जाऊ दे, म्हणून न्हाणीघरात एका फळीवर शेवाळासकट बांधून टाकले. ती पाने फळीला चिकटून नाण्यांच्या रांगेसारखी वर चढत. तिचे नाव मी फुकटी ठेवले. दर दोन-तीन महिन्यांनी ती आरशावर यायची आणि दर वेळी मी स्टुलावर चढून तिला छाटायची. ही अकरा वर्षे तिने माझ्याकडून दोन शब्दही ऐकले नाहीत.

दीड वर्षापूर्वी गुडघे गेले. स्टूल सुटले, छाटणी सुटली. फुकटी आरसा ओलांडून वरच्या झरोक्यापर्यंत पोचली. या वर्षी एका सकाळी मी तोंड धूत होते. वर पाहिले तर झरोक्याच्या उजेडात एक पान सुरळीतून सुटत होते, वीतभर, कडेपासून फाटलेले, हिरव्यावर चुन्याचे शिंतोडे. नळ चालू होता. मी तोंडात पाणी धरून किती वेळ उभी राहिले ते सांगता येणार नाही.

आमच्या मंडळींतल्या कच्च्या माणसालाही ठाऊक असते की अशा वेलींचे बाळपण वेगळे दिसते. पेरातला डोळा नव्याने फुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, बारीक पानांनी, आणि उंच चढायला मिळाले तरच मोठा होतो. मलाही ठाऊक होते. मी लोकांना शिकवतही असे. घरच्या वेलीच्या बाबतीत मात्र डोक्यात आले नाही, कारण चोर मी आधीच पकडून ठेवला होता.

फळीच्या तळाचे शेवाळ मी चमच्याने उकरले. खाली जुना वाळका बुंधा होता, तिरप्या कापाचा. कापावर गुलाबी मेण होते, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट.

म्हणजे ते स्वप्न नव्हते. तापात उठून शेंडा मीच कापला, मीच त्याला मेण लावले आणि डब्यात ठेवला. वेलीकडच्या कापाला मेण लावायचे राहून गेले. का कापला असेल? कामात मला सवय होती, कशालाही हात लावण्याआधी साचा घेऊन ठेवायची. तापात वाटले असेल आपण जाणार, वेलही जाणार, एक तुकडा असू द्यावा. धाकटीने काही नेले नव्हते. तिने मला तीन दिवस पाणी पाजले होते. मी तिला चोर म्हटले, चार लोकांत म्हटले, आणि अकरा वर्षे ते तसेच ठेवले. हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते. पान निघाले त्याला सात महिने झाले आणि सात महिन्यांत मी तिला फोन केलेला नाही, हेही लिहिते. चार वेळा उचलून ठेवला.

कलम आठवे. हे घर, मागची खोली, तांब्याची नळी आणि न्हाणीघरातली वेल माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी. सातवे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि रविवारच्या मंडळींनी तेव्हा तिथे हजर राहावे. ज्या दोघांनी कुंड्या ओढल्या त्यांनी पुढे बसावे.

इथवर मंगळवारी लिहून झाले. पुढचे बुधवारचे आहे.

वकीलबाईंना धाकटीचा पूर्ण पत्ता हवा होता, म्हणून त्यांनी मंगळवारी संध्याकाळी तिला फोन केला आणि मृत्युपत्रासाठी पत्ता सांगा म्हणाल्या. मला विचारले नाही. बुधवारी सकाळी साडेनऊला दार वाजले. उघडले तर धाकटी, हातात पिशवी, केस सगळे पांढरे.

"आहेस?" ती म्हणाली.

"आहे."

"मला वाटलं गेलीस. रात्रभर डोळा नाही. पहिल्या गाडीने निघाले." मग चप्पल काढता काढता, "पत्ता कशाला हवा होता?"

ती बोलताना खालची कवळी टकटक वाजत होती. दुसऱ्या कोणाच्या हातची, आणि वाईट बसलेली. तो घंटेसारखा आवाज तिच्यातून अडखळत येत होता. अकरा वर्षे माझी बहीण परक्याने केलेल्या दातांनी जेवत होती, आणि मी शेजारच्याच गावात बसून ओळखपाळख नसलेल्या माणसांचे दात बसवले होते. मला तिथेच दारात रडू आले. मी तिच्या हातात हा कागद दिला.

ती मागच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून वाचू लागली. दिरांच्या कलमाला एकदा हसली. सातवे निम्मे झाले असेल तेव्हा दहा वाजले आणि धुके उतरले. ती उठली नाही. धुक्यात ती दिसेनाशी झाली, फक्त पान उलटल्याचा आवाज आला. या कागदावर शाई पसरली आहे ती त्यामुळे, खाडाखोड समजू नये.

धुके विरले तेव्हा तिचे वाचून झाले होते. भुवयांवर पाणी होते.

"हे मी तू मेल्यावर ऐकायचं होतं?"

"हो."

"आणि मग मी उत्तर कोणाला द्यायचं? फुकटीला?"

मी म्हटले, "समोर यायचं धाडस नव्हतं गं."

"मला चोर म्हणताना बरं होतं." तिने कागद बाजूला ठेवला. "तोंडाने म्हण. कागदावरचं नको मला."

मी म्हटले. तू शेंडा नेला नव्हतास. मी खोटे बोलले, लोकांत बोलले, माझे चुकले. पहिल्यांदा नुसते पुटपुटले, म्हणून तिने दुसऱ्यांदा म्हणायला लावले. मग ती बराच वेळ रडली, आणि मला जवळ येऊ दिले नाही. मग दिले.

दुपारी वकीलबाई आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर सह्यांसाठी आले. डॉक्टरांनी सही केली. दुसरे साक्षीदार म्हणून समोरचे शिंपीकाका ठरले होते. धाकटीने पेन मागितले.

वकीलबाई घाईने म्हणाल्या, "तुम्ही नका करू सही. घर तुम्हालाच ठेवलंय त्यांनी. ज्याला मिळतं त्यानेच साक्षीदार व्हायचं नसतं, उद्या कोणी वाद घातला तर घर हातचं जाईल."

"जाऊ द्या," धाकटी म्हणाली. "ती आहे तोवर मी येईन राहायला, तिने ठेवून घेतलं तर. ती गेल्यावर या घराचं मी काय करू? सातव्या कलमाला मात्र साक्षीदार मीच."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ती म्हणते तसे. तिच्या सहीमुळे आठवे कलम अडचणीत येत असेल तर येवो. घराचा कागद पुन्हा कधीही करता येईल. आज हा करू द्या. वकीलबाईंनी शिंपीकाकांना परत पाठवले आणि सांगितले, साक्षीदाराने फक्त सही करायची असते, मजकूर लिहायचा नसतो. धाकटीने ते ऐकून घेतले.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: बुधवार, महिन्याची सतरा तारीख, दुपारी चारच्या आधी.

सही: मृत्युपत्र करणारी, कवळ्यांची बाई.

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे डॉक्टर. मृत्युपत्र करणारीची नाडी, रक्तदाब व बोलणे तपासले. सर्व समजून सही करीत आहेत. डोळे सुजलेले आहेत, त्याचे कारण मला सांगण्यात आले आहे. सही.

साक्षीदार दुसरी: तिची धाकटी बहीण, निवृत्त उद्घोषक. वरचा सर्व मजकूर मी वाचला. मी शेंडा नेला नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. आज ताईने ऐकलं, माझ्यासमोर. सही.